वाहनावरील विंच : वेळेला उपयोगी पडावे, यासाठी वर्षभर निगा हवी

मुंबई : चिखलात रुतलेले वाहन ओढून काढण्यासाठी पुढच्या बंपरवर बसवलेले विंच वर्षातील बहुतेक दिवस काहीही काम करीत नाही. ऊन, पाऊस, धूळ आणि समुद्राकाठचा खारा वारा सोसत ते नुसते बसून असते. मग एखाद्या दिवशी घाटातील कच्च्या रस्त्यावर, नदीच्या पात्रात किंवा हिमालयातील बर्फात वाहन अडकते, आणि त्या क्षणी या यंत्राने पूर्ण ताकदीनिशी चालावे अशी अपेक्षा असते. सवय विश्रांतीची आणि काम अत्यंत कष्टाचे, अशी ही विसंगती आहे. विंचाच्या निगेचा सगळा विचार तिच्यापासूनच सुरू होतो.

निगा न राखलेले विंच दोन प्रकारे दगा देते. पहिल्या प्रकारात ते चालतच नाही. माणसे अडकून पडतात, रात्र होते, पाणी वाढते. दुसरा प्रकार अधिक घातक. विंच चालते, दोर ताणला जातो आणि कमकुवत झालेल्या ठिकाणी तो तुटतो किंवा हूक निसटतो. अशा वेळी ताणात साठलेली ऊर्जा एका क्षणात मोकळी होते आणि सुटलेले टोक जवळ उभ्या असलेल्या माणसाचा जीवही घेऊ शकते. म्हणूनच विंचाची देखभाल ही हौशी चालकांच्या शोभेची बाब नसून सुरक्षिततेची बाब आहे.

भारतात चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या वाहनांचा वापर केवळ साहसी क्रीडेपुरता उरलेला नाही. चहा-कॉफीचे मळे, वनखात्याच्या गस्ती, डोंगराळ भागातील प्रवासी वाहतूक आणि आपत्तीतील मदतकार्य अशा अनेक ठिकाणी ही वाहने धावतात. २०१८ च्या केरळमधील महापुरात ऑफ-रोड क्लबांच्या सदस्यांनी आपली वाहने घेऊन मदतकार्यात भाग घेतला होता. मलेशियात १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ या स्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ पासून गोव्यात, ऐन पावसाळ्यात भरत आली आहे. तेथील चिखलात विंचाविना पुढे सरकणे अवघडच. अशा सर्वांसाठी या यंत्राची रचना आणि तिला लागणारी निगा समजून घेणे उपयुक्त ठरेल.

रचना : रहाटाचेच विजेवरचे रूप

विंचाचे तत्त्व आपल्याला नवे नाही. विहिरीवरच्या रहाटात दोर गोल लाकडावर गुंडाळला जातो आणि बादली वर येते. विंचातही दोर एका ड्रमवर गुंडाळला जातो. फरक एवढाच की, ड्रम फिरवण्यासाठी हाताऐवजी विजेची मोटार असते. वाहनाच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारी ही मोटार वेगाने फिरते. गिअरपेटी तो वेग कमी करून त्याच प्रमाणात जोर वाढवते. आजच्या बहुतेक विंचांत ‘प्लॅनेटरी’ पद्धतीचे गिअर असतात. त्यांत मधल्या दातेरी चाकाभोवती लहान चाके ग्रहांसारखी फिरतात, म्हणून हे नाव. अमेरिकेतील वॉर्न कंपनीने १९५९ मध्ये हौशी वाहनधारकांसाठी विजेवर चालणारे विंच बाजारात आणले आणि तेव्हापासून या यंत्राचा प्रसार वाढत गेला.

मोटार, गिअरपेटी आणि ड्रम यांच्याखेरीज आणखी पाच भाग लक्षात ठेवावे लागतात. मोटारीकडे जाणारा प्रचंड विद्युतप्रवाह सुरू-बंद करणारा सोलेनॉइड किंवा कॉन्टॅक्टर, भार धरून ठेवणारा ब्रेक, ड्रम गिअरपासून मोकळा करणारा क्लच, दोराला सरळ वाट दाखवणारा फेअरलीड आणि टोकाचा हूक असे हे पाच भाग होत. विंच ही साखळी आहे आणि तिची ताकद तिच्या सर्वांत दुबळ्या कडीएवढीच असते.

क्षमतेचा आकडा नीट वाचावा

विंचावर ९,५०० पौंड म्हणजे सुमारे ४,३०० किलो अशी क्षमता लिहिलेली असते. ही क्षमता ड्रमवरील दोराच्या अगदी पहिल्या थरासाठी असते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. ड्रमवर दोराचे थर चढत जातात तसा ड्रमचा परिणामी व्यास वाढतो आणि तेवढ्याच जोरात मिळणारी ओढ कमी होते. चौथ्या थरापर्यंत ही ओढ साधारण ३० ते ४० टक्क्यांनी घटते. म्हणजे ४,३०० किलोचे विंच दोर जवळजवळ पूर्ण गुंडाळलेला असताना २,६०० ते ३,००० किलोच ओढू शकते.

निवड करताना वाहनाच्या एकूण भारित वजनाच्या किमान दीडपट क्षमतेचे विंच घ्यावे, असा सर्वमान्य नियम आहे. चिखलाची चिकट पकड, चढ आणि चाकांसमोरचा अडथळा यांमुळे ओढण्याचा भार वाहनाच्या वजनाहूनही अधिक होऊ शकतो. क्षमतेच्या सीमेवर सतत राबवलेल्या यंत्राची झीज वेगाने होते. त्यामुळे योग्य क्षमतेची निवड ही देखभालीची पहिली पायरी मानायला हवी.

भार मोठा असेल तर कप्पी, म्हणजे स्नॅच ब्लॉक वापरावी. दोर कप्पीतून फिरवून पुन्हा वाहनाला आणून अडकवला की ओढ जवळपास दुप्पट होते आणि वेग निम्मा होतो. शिवाय जास्त दोर बाहेर निघाल्याने ड्रमवर खालचे थर उरतात आणि मोटारीवरचा ताण आणखी हलका होतो. वेळ थोडा अधिक लागतो, परंतु मोटार, बॅटरी आणि दोर या तिघांचेही आयुष्य वाढते.

पोलादी दोराची तपासणी

मोटेवर शेती करणारा शेतकरी रोज सकाळी नाडा तपासूनच बैल जुंपत असे. नाडा तुटला तर मोट विहिरीत आणि बैल तोंडावर, हे त्याला पक्के माहीत होते. विंचाच्या दोराकडेही त्याच नजरेने पाहायला हवे.

विंचाचा पोलादी दोर साधारणपणे सात पेडांचा आणि प्रत्येक पेडात १९ तारा अशा बांधणीचा असतो. त्याची तपासणी करताना जाड चामड्याचे हातमोजे घालावेत. तुटलेल्या तारेचे टोक सुईसारखे हातात घुसते. चालत्या दोरावरून हात कधीही फिरवू नये. दोर पूर्ण बाहेर काढून, टप्प्याटप्प्याने नजरेखालून घालावा.

चार दोष शोधायचे असतात. पहिला, तुटलेल्या तारा. क्रेनसारख्या यंत्रांतील चालत्या दोरांसाठी रूढ असलेला नियम असा की, पेडाच्या एका पूर्ण वळशाच्या लांबीत एकूण सहा किंवा एकाच पेडात तीन तारा तुटलेल्या आढळल्या, तर दोर बाद करावा. दुसरा, मुरड. दोराला एकदा घट्ट मुरड पडली की तो हाताने सरळ केला, तरी आतील तारांना झालेली इजा भरून निघत नाही. तिसरा, पेड सुटून दोर पिंजऱ्यासारखा फुगणे. चौथा, खोलवर गेलेला गंज. वरचा तांबूस थर पुसला जातो. पण दोर वाकवल्यावर आतून लालसर भुकटी गळत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

चिखलातून आल्यावर दोर स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून त्यावर तारदोरांसाठी मिळणारे हलके तेल फडक्याने पुसून घ्यावे. जाड ग्रीसचा लेप देऊ नये. त्यावर वाळू चिकटते आणि तीच वाळू पुढे तारांना घासते.

कृत्रिम दोर : हलका, परंतु नाजूक

अलीकडे कृत्रिम धाग्यांच्या दोराचा वापर वाढला आहे. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनपासून बनलेला हा दोर ‘डायनीमा’ किंवा ‘स्पेक्ट्रा’ या व्यापारी नावांनी ओळखला जातो. साडेनऊ मिलिमीटर जाडीचा ३० मीटर पोलादी दोर सुमारे ११ किलो भरतो. त्याच जाडीचा कृत्रिम दोर दोन किलोंच्या आत असतो आणि पाण्यावर तरंगतो. तुटल्यास तो पोलादी दोराइतका उसळत नाही, हाताला तारा टोचत नाहीत. मात्र टोकाचा हूक किंवा शॅकल उडण्याचा धोका त्यातही कायम राहतो.

या दोराचे तीन शत्रू आहेत : उष्णता, घर्षण आणि सूर्यप्रकाश. हा धागा साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि त्याच्या बराच आधी त्याची ताकद घटू लागते. येथे रचनेतील एक बारकावा महत्त्वाचा ठरतो. अनेक प्लॅनेटरी विंचांत ब्रेक ड्रमच्या पोकळीतच असतो. भार लटकत असताना मोटार उलटी फिरवून दोर सोडला, तर ब्रेक घासत राहतो, ड्रम तापतो आणि ड्रमला लागून असलेला सर्वांत आतला थर भाजतो. बाहेरून दोर नवाकोरा दिसतो, पण आतून तो कमजोर झालेला असतो. त्यामुळे उतारावर विंचाच्या आधाराने वाहन खाली सोडण्याचे काम शक्यतो टाळावे. करावेच लागले तर थांबत थांबत करावे आणि नंतर आतला थर अवश्य तपासावा.

तपासताना दोर बोटांनी वाकवून पाहावा. दाबामुळे चकाकी आलेला भाग थोडा चोळला की पुन्हा मऊ होतो. वितळलेला भाग मात्र काचेसारखा कडकच राहतो. तसा भाग आढळल्यास किंवा एखाद्या ठिकाणी साधारण चौथ्या हिश्शाइतके धागे झिजलेले वा तुटलेले दिसल्यास तेवढा भाग कापून दोर विणून जोडावा लागतो किंवा बदलावा लागतो. गाठ मारून काम भागवणे सर्वथा चूक होय. गाठीच्या ठिकाणी दोराची ताकद निम्म्यावर येऊ शकते.

चिखलातील बारीक रेती धाग्यांच्या आत शिरते आणि प्रत्येक ओढीत आतूनच दोर कापते. म्हणून कृत्रिम दोर ड्रमवरून उतरवून कोमट पाणी आणि सौम्य साबण यांत भिजवावा, निथळेपर्यंत धुवावा आणि सावलीत वाळवावा. वाहन उन्हात उभे राहत असेल, तर विंचावर आच्छादन घालावे.

पोलादी दोर काढून कृत्रिम दोर बसवणाऱ्यांनी फेअरलीडकडे दुर्लक्ष करू नये. पोलादी दोराने रुळांवर धारदार ओरखडे पडलेले असतात आणि ते नव्या दोराला करवतीसारखे कापतात. कृत्रिम दोरासाठी गुळगुळीत ॲल्युमिनियमचा, रूळ नसलेला फेअरलीड वापरतात. ड्रमवरील ओरखडेही घासून गुळगुळीत करून घ्यावेत. फेअरलीडच्या कडेवर बोट फिरवल्यावर नख अडकले, तर दोरही अडकणार, असे समजावे.

दोर गुंडाळण्याची शिस्त

पुष्कळ दोर भारामुळे नव्हे, तर चुकीच्या गुंडाळणीमुळे खराब होतात. सैल गुंडाळलेल्या दोरावर पुढच्या वेळी मोठा भार आला की वरचा फेरा खालच्या फेऱ्यांमध्ये रुततो. मग दोर चेपतो, अडकतो आणि ड्रम उलटा फिरवूनही सुटत नाही. हे टाळण्यासाठी दोर नेहमी ताण देऊन गुंडाळावा. सपाट, मोकळ्या जागी दोर पूर्ण ओढून टोक मजबूत आधाराला बांधावे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक किंचित ओढावा आणि वाहन स्वतःच्याच विंचाने हळूहळू ओढून घ्यावे. सुमारे सव्वादोनशे ते अडीचशे किलो ताण पुरेसा होतो. वाहनात चालक बसलेला असावा आणि जमिनीला थोडा चढ असल्यास उत्तम. फेरे एकमेकांना चिकटून, एका ओळीत बसले पाहिजेत. नवा दोर बसवल्यावर पहिल्या वापराआधी हे अवश्य करावे.

आणखी दोन नियम कटाक्षाने पाळावे लागतात. ड्रमवर पोलादी दोराचे किमान पाच आणि कृत्रिम दोराचे किमान आठ ते दहा फेरे नेहमी शिल्लक असावेत. दोर ड्रमला ज्या लहानशा स्क्रूने बांधलेला असतो, तो भार पेलण्यासाठी नसतो. भार पेलते ते फेऱ्यांचे घर्षण. दुसरे, दोर उत्पादकाने दाखवलेल्या दिशेनेच गुंडाळलेला असावा. उलट दिशेने गुंडाळल्यास अनेक विंचांत ब्रेक भार धरू शकत नाही आणि वाहन घरंगळू शकते.

वीज : बहुतेक बिघाडांचे मूळ

पूर्ण भाराखाली मोठे विंच ४०० अँपियरच्या आसपास प्रवाह घेते. १२ व्होल्टच्या हिशेबाने ही शक्ती जवळपास पाच किलोवॅट होते. वाहनाचा अल्टरनेटर साधारण १०० अँपियर पुरवतो असे धरले, तर उरलेले ३०० अँपियर बॅटरीतून जातात. म्हणजे एका मिनिटाच्या ओढीत पाच अँपियर-तास खर्च होतात. तीन मिनिटांत पंधरा. साठ अँपियर-तासांच्या बॅटरीचा हा चौथा हिस्सा झाला. म्हणून विंच चालवताना इंजिन सुरू ठेवावे. अनेक उत्पादक किमान ६५० अँपियर कोल्ड क्रँकिंग क्षमतेची बॅटरी सुचवतात. लडाख किंवा स्पितीसारख्या थंड प्रदेशात हे अधिकच महत्त्वाचे, कारण गोठणबिंदूच्या बरेच खाली गेलेल्या तापमानात बॅटरीची क्षमता जवळपास निम्म्यावर येऊ शकते.

एवढ्या मोठ्या प्रवाहात जोडणीतील क्षुल्लक दोषही महाग पडतो. समजा, गंजलेल्या टर्मिनलवर केवळ एक हजारांश ओहम रोध निर्माण झाला आहे. घरातील दिव्याच्या जोडणीत तो जाणवणारही नाही. परंतु ४०० अँपियर प्रवाहात त्या एकाच बिंदूवर १६० वॉट उष्णता निर्माण होते. वायरीचे आवरण वितळायला ती पुरेशी आहे. शिवाय मोटारीला मिळणारे व्होल्टेज घटते ते वेगळेच.

यासाठी दर तीन महिन्यांनी बॅटरीचे आणि विंचाचे सर्व टर्मिनल उघडून तारेच्या ब्रशने चकचकीत करावेत, नट घट्ट आवळावेत आणि वरून गंजरोधक डायइलेक्ट्रिक ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावावी. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण जोडणी सोडावी. जाड वायरी धारदार पत्र्याला घासत नाहीत ना, हे पाहावे. बॅटरीकडून येणाऱ्या धन वायरीचे आवरण फाटून ती पत्र्याला लागली, तर आग लागू शकते.

व्होल्टेज घटल्याचा आणखी एक परिणाम कमी लोकांना माहीत असतो. बॅटरी दमली की कॉन्टॅक्टरचे स्पर्शबिंदू घट्ट मिटत नाहीत, थरथरतात, त्यांत ठिणग्या पडतात आणि ते एकमेकांना चिकटून बसू शकतात. तसे झाल्यास रिमोटचे बटण सोडूनही विंच थांबत नाही. हूक फेअरलीडवर आदळतो, दोर तुटतो किंवा मधे आलेला हात सापडतो. म्हणून बॅटरी आणि विंच यांच्यामध्ये, हात सहज पोहोचेल अशा जागी, प्रवाह तोडणारा आयसोलेटर स्विच बसवून घ्यावा आणि काम नसताना तो बंदच ठेवावा.

बिघाड ओळखण्याची एक सोपी रीत आहे. बटण दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज येतो पण ड्रम फिरत नाही, तर बॅटरी, जाड वायरी किंवा कॉन्टॅक्टरचे स्पर्शबिंदू तपासावेत. आवाजच येत नसेल, तर रिमोट, त्याची केबल, फ्यूज किंवा अर्थिंग पाहावे. विंच एकाच दिशेने चालत असेल, तर दोष बहुधा सोलेनॉइड किंवा रिमोटच्या स्विचमध्ये असतो. मोटार फिरते पण ड्रम स्थिर राहतो, तर क्लच पूर्ण बसलेला नाही, असे समजावे.

पाणी, चिखल आणि खारी हवा

पाण्यात बुडालेले विंच वाहन बाहेर आल्याबरोबर विसरले जाते आणि खरे नुकसान त्यानंतरच्या आठवड्यांत होते. मोटारीत अडकलेला ओलावा आतील ब्रश आणि बेअरिंग गंजवतो. पुढच्या हंगामात मोटार जागची हलत नाही. म्हणून पाण्यातून आल्यावर त्याच दिवशी विंच स्वच्छ पाण्याने धुवावे आणि दोर काही मीटर बाहेर-आत करून मोटार थोडी चालवावी. मोटारीच्या स्वतःच्या उष्णतेने बराचसा ओलावा निघून जातो. उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा थेट मोटारीच्या सांध्यांवर किंवा सोलेनॉइडच्या पेटीवर मारू नये. तो सीलच्या आत पाणी आणि रेती ढकलतो.

कोकण, गोवा, केरळ किंवा ओडिशाच्या किनारपट्टीवरील वाहनांना खारी हवा सतत लागते. अशा ठिकाणी गोड्या पाण्याने धुण्याची सवय अधिक जपावी लागते. समुद्राच्या वाळूत वाहन काढल्यानंतर धुणे दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

महिन्यातून एकदा, काम असो वा नसो, विंच दोन्ही दिशांनी मिनिटभर चालवावे आणि क्लचची मूठ मोकळी-बंद करून पाहावी. न वापरता गंजून अडकलेला क्लच ही नेहमी आढळणारी तक्रार आहे.

गिअर, ब्रेक आणि बोल्ट

अनेक नव्या विंचांत गिअरपेटीतील ग्रीस यंत्राच्या आयुष्यभरासाठी भरलेले असते; ती पेटी उगाच उघडू नये. मात्र आत पाणी शिरल्याची शंका असेल, दुधाळ रंगाचे ग्रीस बाहेर येत असेल किंवा फिरताना करकर ऐकू येत असेल, तर पेटी उघडून जुने ग्रीस पूर्ण काढावे आणि उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच नवे भरावे. पेटी ठासून भरण्याची चूक करू नये. ब्रेकच्या पृष्ठभागांना तर ग्रीसचा स्पर्शही होता कामा नये. ज्यांना या कामाचा अनुभव नाही त्यांनी ते जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

विंच ज्या बोल्टांनी बसवलेले असते त्यांवर सगळा भार येतो. खडबडीत रस्त्यावरील हादऱ्यांनी ते सैल पडतात. दर सहा महिन्यांनी आणि प्रत्येक मोठ्या मोहिमेनंतर ते टॉर्क पान्याने ठरावीक मापात आवळावेत. बदलायचे झाल्यास त्याच दर्जाचे उच्च ताकदीचे बोल्ट घ्यावेत. बसवण्याच्या पट्टीवर, विशेषतः वेल्डिंगच्या कडेला, केसासारखी भेग दिसते का, हेही पाहावे.

येथे कायद्याचाही एक मुद्दा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. वाहनांवर अनधिकृतपणे लावलेल्या बुलबार आणि क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करावी, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते. विंचासाठी पोलादी बंपर बसवण्यापूर्वी वाहनाची उत्पादक कंपनी आणि आरटीओ यांच्याकडून नियम समजून घेणे हिताचे ठरेल.

वापरातील शिस्त हीसुद्धा देखभालच

विंचाची मोटार अखंड चालण्यासाठी बनवलेली नसते. साधारण मिनिटभर ओढल्यावर थांबावे. मोटारीवर हात ठेववत नसेल इतकी ती तापली असेल, तर निवू द्यावी. या विश्रांतीत बॅटरीही थोडी भरून निघते. चाकांपुढचा चिखल फावड्याने काढला, टायरमधील हवा कमी केली, तर भार बराच हलका होतो. फावडे हे विंचाचे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

दोर शक्य तितका सरळ ओढावा. फार तिरक्या ओढीत तो ड्रमच्या एका कडेला साचतो आणि चौकटीत घुसतो. झाडाचा आधार घेताना दोर खोडाभोवती थेट गुंडाळू नये. त्याने झाडाची साल सोलवटते आणि दोरही खराब होतो. रुंद पट्टा खोडाच्या तळाशी घालून त्याची दोन्ही टोके शॅकलमध्ये घ्यावीत. दोराला त्याच्याच हुकात अडकवणेही तितकेच चुकीचे. शॅकलवर कार्यभाराचा आकडा कोरलेला असावा; आकडा नसलेली, बाजारातून स्वस्तात आणलेली शॅकल वापरू नये. वाकलेला हूक, त्याची तुटलेली जीभ आणि आटे झिजलेली पिन तत्काळ बदलावी.

ताणलेल्या दोरावर मधोमध विंच डॅम्पर टाकावा. तो नसेल तर जाड घोंगडे किंवा ओले पोते टाकावे, म्हणजे दोर तुटला तरी त्याची झेप कमी होते. दोराच्या ताणलेल्या लांबीच्या किमान दीडपट अंतरापर्यंत कोणी उभे राहू नये आणि ताणलेला दोर कोणीही ओलांडू नये. मदतीला धावून आलेले गावकरी उत्साहाने दोराजवळ येतात. त्यांना आधी दूर उभे करणे, ही चालकाची जबाबदारी असते. हुकाला पट्टी बांधून ती पट्टी धरूनच हूक आत घ्यावा; शेवटचा मीटरभर दोर थांबत थांबत गुंडाळावा आणि काम संपताच रिमोट काढून ठेवावा.

लक्षात ठेवण्याजोगे वेळापत्रक

प्रत्येक वापरानंतर : दोर धुणे, वाळवणे, तपासणे आणि ताण देऊन पुन्हा गुंडाळणे, हूक, शॅकल आणि पट्टे पाहणे.

दर महिन्याला : विंच दोन्ही दिशांनी चालवणे, क्लच हलवून पाहणे, रिमोट आणि त्याची केबल तपासणे.

दर तीन महिन्यांनी : टर्मिनल स्वच्छ करणे, वायरींचे आवरण आणि आयसोलेटर तपासणे, बॅटरीची भारक्षमता मोजून घेणे.

दर सहा महिन्यांनी, विशेषतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर : दोर पूर्ण उतरवून ड्रमपर्यंत पाहणे, फेअरलीडवरील ओरखडे घासणे, बोल्ट टॉर्क पान्याने आवळणे.

या कामांना लागणारी साधने साधी आहेत : तारेचा ब्रश, पाने, हातमोजे, ग्रीसचा डबा आणि सुटीच्या दिवशीचा तासभर वेळ. तारीख, काम आणि आढळलेला दोष एका वहीत टिपून ठेवल्यास पुढच्या वेळी कशाकडे पाहायचे, हे आपोआप कळते. वाहन अनेक चालक वापरत असतील, तर अशी नोंद अत्यावश्यकच ठरते.

विंच हे शेवटचा आधार म्हणून वापरायचे यंत्र आहे. ते बाहेर काढण्याची वेळ येते तेव्हा बहुधा अंधार पडत आलेला असतो, पाऊस कोसळत असतो आणि जवळपास गॅरेज नसते. त्या वेळी झालेली चूक सुधारण्याची संधी क्वचितच मिळते. दोराचा कमजोर भाग, सैल टर्मिनल आणि अडकलेला क्लच घराच्या अंगणात, दिवसाउजेडी सापडले, तर त्यांची किंमत काही रुपयांत आणि काही मिनिटांत मोजता येते.